वाचकांचे प्रश्न : मांडणशिल्प आणि व्हिडिओ दालनात उभे करताना

मांडणशिल्प आणि व्हिडिओच्या प्रदर्शनांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक गोष्ट सतत समोर ठेवली आहे. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून कलाकार दालनात नसतो. काम रोज सुरू करणारा, पुसणारा आणि बंद करणारा माणूस वेगळा असतो. त्याला कोणालाही न विचारता, न अडता ते चालवता आलं पाहिजे.

प्रश्न : माझा व्हिडिओ ४ मीटर रुंद दिसायला हवा. खोली ५ मीटर खोल आहे, एका बाजूला खिडकी आहे. ३००० ल्युमेनच्या प्रोजेक्टरवर चाचणी घेतली, तर चित्र फिकट दिसलं आणि पूर्ण रुंदीही मिळाली नाही. ६००० ल्युमेनचा प्रोजेक्टर घ्यावा का?

आधी खिडकी बंद करा. १६:९ प्रमाणात ४ मीटर रुंद चित्र २.२५ मीटर उंच होतं, म्हणजे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरचा एकूण उजेड, लक्स म्हणजे एका चौरस मीटरला मिळणारा उजेड. ३००० ल्युमेनला ९ ने भागलं की भिंतीवर सुमारे ३३३ लक्स उजेड पडतो. खिडकी आणि शेजारच्या स्पॉटलाइटमुळे त्याच भिंतीवर आधीच १०० लक्स असेल, तर चित्रातला काळा १०० आणि पांढरा ४३३, म्हणजे प्रमाण जेमतेम ४ ला १. ६००० ल्युमेनचा प्रोजेक्टर आणला तरी ते ८ ला १ च्या आतच राहतं. पण आहे तोच प्रोजेक्टर ठेवून भिंतीवरचा परका उजेड १० लक्सवर आणला, तर प्रमाण ३४ ला १ होतं. दुप्पट ताकदीच्या यंत्रापेक्षा अंधार कितीतरी जास्त देतो, आणि स्वस्तात देतो.

उजेड मोजण्यासाठी प्रोजेक्टर बंद ठेवा, मोबाइलवर लक्स मोजणारं ॲप उघडा आणि फोन भिंतीला पाठ टेकवून धरा, सेन्सर खोलीकडे. आकडा काटेकोर नसतो, पण १० आणि १०० यांतला फरक कळतो. खिडकीतून सर्वांत जास्त उजेड येतो त्या वेळी मोजा. खिडकी झाकताना काळा कागद थेट काचेला चिकटवू नका. उन्हाने काच असमान तापून तडकू शकते. चौकटीवर प्लायवूड बसवा आणि कडांना फोमची पट्टी लावा. चित्राच्या समोरची भिंत, बाजूच्या भिंती आणि छत गडद करा, कारण चित्राचाच उजेड तिथून उलटून पडद्यावर येतो. ज्या भिंतीवर चित्र पडतं तिचा रंग मॅट हवा. चकचकीत रंगावर मधोमध उजेडाचा डाग दिसतो.

रुंदीचा प्रश्न थ्रो रेशोचा आहे. प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी म्हणजे थ्रो रेशो. १.५ चा प्रोजेक्टर ४ मीटर रुंदीसाठी ६ मीटर मागे न्यावा लागतो. तुमच्या खोलीत यंत्राची लांबी, केबलची वळणं आणि हवा खेळायला जागा सोडून फार तर साडेचार मीटर हाती राहतात. म्हणजे १.१ पेक्षा कमी थ्रो रेशो हवा. ०.८ चा घेतला तर तो ३.२ मीटरवर बसेल. मात्र तो उंच टांगावा लागेल, नाहीतर चित्राजवळ जाणाऱ्या प्रत्येकाची सावली पडेल. ०.४ पेक्षा कमीचे प्रोजेक्टर भिंतीला जवळजवळ चिकटून बसतात. त्यांचा किरण इतक्या तिरप्या कोनात येतो की प्लास्टरचा बारीकसा फुगवटाही सरळ रेषेला लाट आणतो. त्यांच्यासाठी भिंत खरोखरच सपाट लागते.

उंचावरून चित्र खाली आणण्यासाठी लेन्स शिफ्ट (लेन्स सरकवून चित्र वर-खाली नेण्याची सोय) असलेलं यंत्र निवडा. कीस्टोनने, म्हणजे तिरप्या चित्राच्या डिजिटल दुरुस्तीने, चौकोन सरळ होतो, पण त्यासाठी पिक्सेल कापले जातात आणि बारीक अक्षरं मऊ पडतात. शिवाय अंधाऱ्या खोलीत चित्राभोवती करड्या उजेडाचा तिरपा पट्टा राहतो, कारण ‘काळे’ पिक्सेलही थोडा उजेड सोडतात. व्हिडिओत रात्रीची दृश्यं असतील तर तो पट्टाच आधी नजरेत भरतो.

प्रश्न : दोन पडद्यांवर एकाच वेळी चालणारा ६ मिनिटांचा व्हिडिओ आहे. सकाळी दोन्ही बरोबर असतात, दुपारपर्यंत काही सेकंदांचा फरक पडतो. लूप पुन्हा सुरू होताना काळी फ्रेम आणि ‘टक्’ असा आवाज येतो. कधीकधी सकाळी एक पडदा निळाच राहतो.

तिन्ही दुखण्यांची कारणं वेगवेगळी आहेत.

प्रत्येक प्लेअर आपापल्या घड्याळावर चालतो आणि कोणतीही दोन घड्याळं अगदी सारखी नसतात. दोघांत दशलक्षात ४० भागांचा फरक असला, तरी ८ तासांत सव्वा सेकंदाच्या आसपास अंतर पडतं. त्याहून मोठा चोर लूपच्या सांध्यात लपलेला असतो. ६ मिनिटांचा लूप ८ तासांत ८० वेळा फिरतो. फाइल पुन्हा सुरू करायला एका प्लेअरला दुसऱ्यापेक्षा सेकंदाचा विसावा हिस्सा जास्त लागला, तरी संध्याकाळपर्यंत ४ सेकंद जमा होतात. दोन्हीवर एकदम बटण दाबून हे कधीच सुटणार नाही. नेटवर्क केबलने जोडलेले, एक पुढे आणि दुसरा त्याच्या मागोमाग चालणारे प्लेअर घ्या. ब्राइटसाइनसारख्या यंत्रांत ही सोय असते. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही चित्रं शेजारी ठेवून ३८४० × १०८० ची एकच फाइल बनवायची आणि एका संगणकाच्या दोन आउटपुटवर विभागायची. एकाच फाइलमधली दोन चित्रं एकमेकांपासून सरकूच शकत नाहीत. पहिल्या मार्गात दोन्ही फाइलींच्या फ्रेमची संख्या तंतोतंत सारखी हवी. एका फ्रेमचा फरकही दर लूपला वाढत जातो.

काळी फ्रेम बहुधा एक्स्पोर्टच्या वेळी टाइमलाइनच्या शेवटी राहिलेली असते. एडिटिंगमध्ये शेवटच्या फ्रेमपर्यंत झूम करून पाहा. ‘टक्’ आवाजाचं कारण सहसा ऑडिओचं कॉम्प्रेशन असतं : एएसी फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी शांततेचा छोटा तुकडा जोडला जातो, आणि अखंड आवाज तिथे तुटतो. प्लेअरला चालत असेल तर ऑडिओ पीसीएम, म्हणजे कॉम्प्रेशन न केलेला, ठेवा. आवाज ध्वनिलहरीच्या मधोमध कापला गेला असेल तरी टक् ऐकू येतं. दोन्ही टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड पुरतो.

जाता जाता : सेकंदाला २५ फ्रेमचं चित्रण ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवत, चालवलंत तर काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दाखवल्या जातात आणि कॅमेरा हळू सरकताना चित्र अडखळतं. प्लेअरचं आउटपुट ५० हर्ट्झवर ठेवा.

निळ्या पडद्याचं कारण बहुतेक वेळा क्रम असतो. प्लेअर सुरू होताना समोरच्या यंत्राला ‘तू किती रेझोल्यूशन दाखवतोस?’ असं विचारतो. प्रोजेक्टर अजून जागा झाला नसेल तर उत्तर येत नाही आणि प्लेअर भलतंच सिग्नल पाठवतो किंवा काहीच पाठवत नाही. म्हणून आधी प्रोजेक्टर, चित्राचा झोत दिसू लागल्यावर प्लेअर. प्लेअरचं रेझोल्यूशन ‘ऑटो’वर न ठेवता हाताने निश्चित करा. तेवढ्याने भागलं नाही तर प्लेअरच्या तोंडाशी ईडीआयडी एम्युलेटर लावा. तो प्रोजेक्टरच्या वतीने कायम उत्तर देतो. तांब्याची साधी एचडीएमआय केबल १० मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. लांब अंतराला कॅट-६ नेटवर्क केबलवर चालणारा एचडीबेसटी संच वापरा, तो १०० मीटरपर्यंत जातो. ऑप्टिकल एचडीएमआयही चालेल, पण तिला दिशा असते : एक टोक प्लेअरचं, दुसरं पडद्याचं. उलटी लावून ती भिंतीत गाडली की सगळं पुन्हा फोडावं लागतं.

बंद करताना दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज मेन स्विचवरून तोडू नका. रिमोटने बंद करा, पंखा थांबू द्या, मग वीज तोडा. हा सगळा क्रम फोटोंसह एका कागदावर छापून यंत्रांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तो कागद नवख्या माणसाच्या हातात देऊन बघा. तो जिथे थांबून विचारेल, तिथे कागद अपुरा आहे.

प्रश्न : शेजारच्या कामाचा आवाज माझ्या दालनात येतो. दोन्हींमध्ये पार्टिशन आणि दारावर जाड मखमली पडदा आहे. आणखी काय करावं?

पडदा फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो. खर्ज त्यातून आरपार जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंत कितीही भक्कम केली तरी उघडं दार तिची सारी मेहनत वाया घालवतं. २० चौरस मीटरच्या भिंतीत २ चौरस मीटर उघडं असेल, तर आवाज १० डेसिबलपेक्षा जास्त घटणार नाही. उघडा भाग फक्त १ टक्का असला तरी मर्यादा २० डेसिबलची. म्हणून पैसे आधी दारावर घाला : सरळ दाराऐवजी इंग्रजी ‘एल’च्या आकाराचा बोळ करा आणि त्याच्या दोन्ही भिंतींवर काळं कापड ताणून मागे १०० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडी तंतूंचं आवाज शोषणारं भरण) बसवा. त्याच बोळाने उजेडही अडतो. पार्टिशन आणि छत यांच्यामधली फट विसरू नका. फॉल्स सीलिंगच्या वरून दोन्ही खोल्या अनेकदा एकच असतात.

उगमाकडेही पाहा. स्पीकर पार्टिशनला स्क्रूने आवळले असतील तर पार्टिशन स्वतःच स्पीकर होतं; ते रबरी पॅडवर, स्टँडवर ठेवा. स्पीकर श्रोत्यापासून निम्म्या अंतरावर आणला की त्याच आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, म्हणजे तेवढा व्हॉल्यूम कमी करता येतो. शेजाऱ्याच्या कामात १०० हर्ट्झच्या खालचा आवाज आशयाला लागत नसेल, तर तो कापण्याची विनंती करा. संवाद असलेल्या कामाला हेडफोन उत्तम, पण कायम दोन जादा जोड हाताशी ठेवा. केबल ओढली जाऊन आधी जॅक तुटतो.

प्रश्न : २२ मिनिटांचा व्हिडिओ आहे, प्रेक्षक मध्येच येतात आणि दोन मिनिटांत निघतात.

त्याला सुरुवात आणि शेवट असेल तर लूपवर सोडू नका. दर अर्ध्या तासाला सुरू करा, उरलेली ८ मिनिटं पडद्यावर पुढच्या खेळाची वेळ दाखवा, आणि दाराबाहेरच्या पाटीवर कालावधी लिहा. बसायला पाठ टेकता येईल असं बाक द्या, शेजारी चाकाच्या खुर्चीपुरती जागा मोकळी सोडा. सबटायटल असतील तर चित्राची खालची कड जमिनीपासून १ ते १.२ मीटर उंच ठेवा, म्हणजे पुढच्या रांगेतली डोकी अक्षरांवर येत नाहीत. लूप मुळातच कुठूनही पाहण्यासारखा असेल, तर यातलं बाकाखेरीज काही लागत नाही.

प्रश्न : लोखंड आणि लाकडाचं १०० किलोचं शिल्प छताला टांगायचं आहे. खालून लोक जातील. चार पारदर्शक नायलॉन दोऱ्या दिसायला छान वाटतात. पुरतील का?

नाही. नायलॉन सततच्या भाराखाली हळूहळू ताणत राहतो, अतिनील किरणांनी कमकुवत होतो, आणि गाठीपाशी त्याची ताकद निम्म्यापर्यंत घसरू शकते. माणसांच्या डोक्यावर फक्त पोलादी वायर रोप, आणि तोही उत्पादकाच्या प्रमाणपत्रासह.

कोनापासून सुरुवात करा, कारण बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. दोन उभ्या दोरांवर १०० किलो टांगले तर प्रत्येकावर ५० किलो येतात. तेच दोर एका बिंदूतून निघून खाली फाकले आणि आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन झाला, तर प्रत्येकावर ५८ किलो. ४५ अंशांना ७१. आणि ३० अंशांना प्रत्येकावर पूर्ण १०० किलो. छत बुटकं म्हणून दोर अधिक फाकवले की भार असा वाढतो. ४५ अंशांच्या खाली जाऊ नका.

चार दोर आहेत म्हणून वजनाला चाराने भागू नका. शिल्प ताठ असेल आणि एक दोर दोन मिलिमीटर लांब राहिला, तर सगळा भार समोरासमोरच्या दोनच दोरांवर जातो. म्हणून चार दोर असले तरी दोनच भार घेतायत असं धरा. खालून लोक जाणार असतील तर आम्ही दोराची तुटण्याची ताकद प्रत्यक्ष ताणाच्या १० पट धरतो. म्हणजे ४५ अंशांना एका दोराला किमान ७१० किलो. हाच निकष शॅकल (दोर अडकवायची यू आकाराची कडी), टर्नबकल (दोर ताणायचा फिरवता स्क्रू) आणि शिल्पावरच्या कडीलाही लावा. कडी लाकडात नुसती पिळलेली असेल तर दोर शाबूत राहून कडीच उपटून येते. आरपार बोल्ट, मागे रुंद वॉशर आणि दोन नट हवेत.

दोराच्या टोकाला डोळा करताना आत थिंबल (खोबणीची धातूची कडी) घाला, नाहीतर दोर शॅकलवर दुमडून एकेक तार तुटते. प्रेस केलेला फेरुल (दोराभोवती दाबून बसवलेली धातूची नळी) सर्वांत चांगला. यू-बोल्टचे क्लॅम्प वापरायचे असतील तर किमान तीन, आणि त्यांची दिशा चुकवू नका : खोबणीचा जाड भाग भार घेणाऱ्या लांब दोरावर, गोल यू कापलेल्या आखूड टोकावर. उलटे बसवले तर यू भार घेणाऱ्या दोरालाच चिरडतो. भार आल्यावर दोर किंचित बारीक होतो, त्यामुळे टांगल्यानंतर नट पुन्हा आवळावे लागतात. टर्नबकल कंपनाने आपोआप उघडतं. त्यातून तार ओवून ते बांधा. एसीच्या झोताने शिल्प गरगरत असेल तर वर स्विव्हल (दोराला पीळ न देता फिरणारी कडी) लावा.

फॉल्स सीलिंग काहीही पेलत नाही. अँकर (दोर अडकवायचा छतातला आधार) काँक्रीटच्या स्लॅबमध्ये किंवा पोलादी तुळईवर हवा. पोकळ ब्लॉकच्या किंवा जुन्या छतात कुठे आणि काय बसवायचं हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी द्यायला हवं. इथे अंदाजाला जागा नाही. केमिकल अँकर, म्हणजे भोकात राळेने चिकटवलेला बोल्ट, असेल तर भोकातली धूळ ब्रशने आणि फुंकून पूर्ण काढा. धूळ राहिली की राळ काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटते. उद्घाटनाआधी १२५ किलो वजन जमिनीपासून वीतभर उंचीवर तासभर टांगून पाहा. शिल्पाला वेगळ्या अँकरवरून एक सुरक्षा दोर द्या, जवळजवळ ताणलेला. तो ढिला ठेवला तर पडणाऱ्या वजनाचा झटका त्यालाही तोडू शकतो. शेवटी प्रत्येक नटावरून बोल्टवर जाणारी रंगाची एक रेघ ओढा. रोज सकाळी खालून टॉर्च मारला की रेघ तुटलेली दिसते, म्हणजेच नट फिरलेला आहे.

प्रश्न : दालनात १ मीटर उंच वाळूचा ढीग आणि त्यावर वरून प्रोजेक्शन असं काम आहे. पहिल्या मजल्यावर चालेल का?

भरीव ढीग चालणार नाही. कोरडी वाळू घनमीटरला सुमारे १६०० किलो भरते. ती साधारण ३४ अंशांच्या उतारावर स्थिरावते, म्हणून १ मीटर उंच ढिगाचा पाया जवळपास ३ मीटर व्यासाचा होतो आणि वजन ३.७ टनांच्या घरात जातं. मध्यबिंदूखाली चौरस मीटरला १६०० किलो पडतात. लोकांच्या वावरासाठी बांधलेल्या जमिनी सामान्यतः चौरस मीटरला ४०० ते ५०० किलोंसाठी असतात. तुलनेसाठी : कलाकार वॉल्टर डी मारिया यांचं १९७७ पासून न्यूयॉर्कमध्ये असलेलं ‘अर्थ रूम’ ३३५ चौरस मीटरवर ५६ सेंटिमीटर जाडीच्या मातीने भरलेलं आहे. एकूण वजन १२७ टन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३८० किलो. ते पसरलेलं आहे, तुमचं एका ठिकाणी एकवटलेलं आहे.

आत प्लायवूडचा पोकळ शंकू करा, त्यावर खरखरीत कापड चिकटवा आणि वर ५ सेंटिमीटर वाळू टाका. उतार ३० अंशांवर ठेवा, नाहीतर वाळू घसरत राहील. खाली २५० मायक्रॉनचं पॉलिथिन अंथरा. वाळू धुऊन, वाळवून, चाळून आणा. बारीक धूळ प्रोजेक्टरच्या फिल्टरमध्ये बसते, यंत्र तापतं आणि दुपारी स्वतःहून बंद पडतं. फिल्टर दर आठवड्याला साफ करा. वाळू कोरड्या झाडूने झाडू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम किंवा ओलं पुसणं, आणि भरताना-काढताना मास्क.

प्रश्न : माझं एक मांडणशिल्प संग्रहात जात आहे. त्यात लॅटेक्सचे पातळ पडदे आहेत आणि तीन पिक्चर ट्यूबच्या टीव्हींवर १० मिनिटांचा व्हिडिओ चालतो. सोबत काय द्यावं? लॅटेक्स किती टिकेल?

लॅटेक्स टिकणार नाही, हे आधीच लिहून द्या. हवेतला ऑक्सिजन आणि उजेड त्याला आधी पिवळं, मग चिकट, शेवटी ठिसूळ करतात. शिल्पकार इव्हा हेस यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी केलेली लॅटेक्सची काही कामं आता इतकी काळवंडून कडक झाली आहेत की ती मांडणंच अवघड आहे, आणि १९७० मध्ये त्यांचं निधन झाल्यामुळे ‘पुन्हा ओतलं तर चालेल का?’ हे विचारायला कोणी नाही. तुम्ही आहात, तर उत्तर आजच द्या. चालणार असेल तर साचा, लॅटेक्सचा प्रकार, थरांची संख्या, दोन थरांमधला वाळण्याचा वेळ आणि हव्या त्या रंगाचा एक नमुना द्या. तोवर पडदे अंधारात, थंड जागी, घडी न घालता, मध्ये सिलिकॉन लावलेला, न चिकटणारा कागद घालून ठेवावेत. तांब्या-पितळेच्या कड्या लावू नका. तांब्याने रबर लवकर कुजतं.

कलाकार फेलिक्स गोन्झालेस-टॉरेस यांच्या १९९१ च्या, खायच्या गोड गोळ्यांच्या ढिगाचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो, असं ठरवून दिलेलं आहे. प्रेक्षक गोळ्या नेतात, ढीग पुन्हा भरता येतो. वस्तू बदलते, काम टिकतं, कारण काय बदलू शकतं हे कलाकाराने सांगून ठेवलं आहे.

टीव्हींबद्दलही हेच ठरवा : टीव्हीचं खोकं शिल्पाचा भाग आहे, की तो नुसता पडदा? व्हिडिओ कलाकार नाम जून पाइक यांच्या १९८८ च्या ‘द मोअर, द बेटर’ या १००३ मॉनिटरच्या मनोऱ्याचे पडदे बिघाडांमुळे २०१८ मध्ये बंद ठेवावे लागले. दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. शक्य तितक्या पिक्चर ट्यूब राखल्या गेल्या आणि वरच्या लहान मॉनिटरमध्ये सपाट पडदे बसवले. गुगनहाइम संग्रहालयाने अशा कामांसाठी चार वाटा मांडल्या आहेत : जुनी यंत्रं साठवणं, नव्या साधनांनी तोच परिणाम साधणं, नव्या तंत्रावर नेणं, किंवा कामाची नव्याने मांडणी करणं. यांतली कोणती मान्य, कोणती नाही, हे प्रत्येक भागासाठी वेगळं लिहा. टीव्ही आवश्यक असतील तर त्याच मॉडेलचे किमान दोन जादा संच आताच शोधून द्या. ते उघडायचे फक्त जाणकार तंत्रज्ञाने, कारण प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो. चित्र ४:३ आहे, ते ताणून १६:९ करू नये, ही ओळही घाला. ही चूक आम्ही फार पाहतो.

फाइली दोन प्रकारच्या द्या. मूळ प्रत चित्रणाच्या मूळ आकारातच ठेवा, कॉम्प्रेशन कमीत कमी. उदाहरणार्थ, १९२० × १०८० आणि २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ एचक्यू (कमी कॉम्प्रेशनचा व्हिडिओ प्रकार) सेकंदाला सुमारे १८४ मेगाबिट घेतं, म्हणजे १० मिनिटांना जवळपास १४ जीबी. दाखवायची प्रत एच.२६४ या जास्त कॉम्प्रेशनच्या प्रकारात, २० मेगाबिटला ती दीड जीबी होते. मूळ प्रतीवरून दाखवायची प्रत केव्हाही बनवता येते, उलट करता येत नाही. मूळ प्रत तीन ठिकाणी ठेवा, त्यांतली एक वेगळ्या इमारतीत. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलवरून काढलेला, ती बदलली की बदलणारा आकडा) कागदावर छापून करारासोबत जोडा, आणि वर्षातून एकदा तो पुन्हा काढून ताडून पाहण्याची जबाबदारी कोणाची, हे त्याच करारात नमूद करा.